मुंबईची रुग्णवाहिका: १०२ ते १०८, आणि उशिराचा हिशेब

प्रश्न असा आहे: मुंबईत आधी १०२ होते, मग १२९८ आले, मग १०८, आता ११२ही आहे. गाड्या वाढल्या, क्रमांक वाढले. तरी अपघातातला जखमी अजूनही रिक्षा-टॅक्सीतून रुग्णालयात का पोहोचतो, आणि गाडी बोलावली तर ती उशिरा का येते?

या शहराने दर वेळी गाडी विकत घेतली, आणि उशीर मात्र बहुतेक वेळा रस्त्यावरच्या गाडीत नव्हताच. तो फोनवर होता, जिन्यात होता, कॅज्युअल्टीच्या दारात होता. हे नीट कळायला थोडे मागे जावे लागते, कारण प्रत्येक काळात रुग्णवाहिकेकडून अपेक्षित काम वेगळे होते आणि त्या कामाच्या खुणा पुढच्या व्यवस्थेत राहून गेल्या.

रुग्ण उचलून नेणारी सरकारी यंत्रणा मुंबईच्या सामान्य माणसाला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसली ती प्लेगमध्ये. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्याच महिन्यात रुग्णाला सक्तीने हलवण्याचे अधिकार पालिकेने घेतले. त्या नेण्यामागे जीव वाचवणे हा मुख्य हेतू नव्हता. रोग्याला वस्तीतून बाहेर काढणे हा होता. ऑक्टोबर संपता संपता गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबावर, हल्ला केला. गाडी आली म्हणजे माणूस गेला, ही समजूत तिथून पुढे दोन-तीन पिढ्या टिकली. रुग्णालये मात्र उभी राहत गेली. जे.जे. १८४५ पासून होतेच, परळचे केईएम १९२६ मध्ये आले, सायन १९४७ मध्ये. रुग्णालयात आत काय करायचे याचा विचार शंभर वर्षे झाला. दारापर्यंत कसे आणायचे हा विचार नातेवाइकांवर सोपवलेला होता.

स्वातंत्र्यानंतर १००, १०१, १०२ हे तीन क्रमांक शाळेच्या पुस्तकात एका ओळीत छापले जात, पण त्यांच्यामागची ताकद सारखी नव्हती. पोलिसांकडे आणि अग्निशमन दलाकडे स्वतःची ठाणी, स्वतःचे कर्मचारी आणि चोवीस तासांची शिस्त होती. १०२ च्या मागे रुग्णालयांच्या आवारातल्या गाड्या होत्या आणि त्यांचे मुख्य काम रुग्णाला एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवणे. ही पोकळी भरली ती राजकीय पक्षांच्या शाखांनी, गणेशोत्सव मंडळांनी, धर्मादाय ट्रस्टांनी. शाखेच्या फळ्यावर खडूने लिहिलेला रुग्णवाहिकेचा नंबर हीच कित्येक वर्षे गिरणगावाची आपत्कालीन सेवा होती. ती सेवा नाकारण्यासारखी नव्हती. रात्री दोनला गाडी घेऊन येणारा ओळखीचा पोरगा मिळत असे, आणि त्याला चाळ क्रमांक सांगावा लागत नसे.

अडचण गाडीत होती. आधी मॅटाडोर, नंतर मारुती ओम्नी. ओम्नीत एक अरुंद स्ट्रेचर आत सरकवला की डोक्याची बाजू चालकाच्या पाठीला टेकते. रुग्णाच्या डोक्यामागे बसायला जागाच नाही, म्हणजे बॅग-मास्कने, हाताने दाबायच्या फुग्याच्या मुखवट्याने, श्वास देता येत नाही. त्यासाठी जबडा दोन्ही हातांनी वर धरावा लागतो आणि तो डोक्याकडूनच नीट धरला जातो. छप्पर इतके खाली की छातीवर दाब देणाऱ्याला खांदे हातांच्या रेषेत आणता येत नाहीत. त्यामुळे अशा गाडीत माणूस आडवा नेता येतो, एवढेच. तीच गाडी दुपारी मृतदेह स्मशानात नेई आणि संध्याकाळी रुग्ण. पुढे एआयएस-१२५ या मानकाने गाड्यांचे चार प्रकार ठरवले: अ म्हणजे प्रथम प्रतिसाद देणारे वाहन, ब म्हणजे फक्त रुग्ण नेणारी, क म्हणजे प्राथमिक जीवरक्षक, ड म्हणजे प्रगत जीवरक्षक. मानक कागदावर असले तरी बाहेरून ‘कार्डिॲक’ असे रंगवलेल्या जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच. रंगावर जाऊ नका.

गाडी सोडून लोक टॅक्सी का पकडत, याला दुसरेही कारण होते, आणि ते कायद्याचे होते. जखमीला उचलले की पोलीस चौकशी, साक्षीदार म्हणून कोर्टाच्या फेऱ्या; रुग्णालयही ‘पोलीस केस आहे’ म्हणून हात आखडते घेई. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आधी उपचार, पोलिसांची औपचारिकता नंतर, आणि हे सरकारी-खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू. मदत करणाऱ्याला मात्र संरक्षण मिळायला २०१६ उजाडले. त्या वर्षी न्यायालयाने मदतनीसांसाठीच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आले. आज तुम्ही जखमीला कॅज्युअल्टीत सोडून नाव न सांगता निघून जाऊ शकता. हे वाक्य अजून पुरेशा लोकांना माहीत नाही.

११ जुलै २००६ हा या सगळ्याचा उघडा हिशेब होता. पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. जखमींना उचलले ते सहप्रवाशांनी आणि रुळांलगतच्या वस्त्यांतल्या लोकांनी, चादरींच्या झोळ्या करून. पोहोचवले ते टॅक्सी, रिक्षा, टेम्पो, जे मिळेल त्याने. यात एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. अशा वेळी सगळे जखमी जवळच्या एकाच रुग्णालयात जातात, आणि चालू शकणारे किरकोळ जखमी आधी पोहोचतात. गंभीर जखमी येतात तेव्हा टेबल अडलेले असते. घटनास्थळी कोणीतरी उभे राहून ‘हा इकडे, तो तिकडे’ असे वाटप करणे हे अशा प्रसंगी गाड्यांच्या संख्येपेक्षा मोठे काम असते. ते करणारा माणूस तेव्हाच्या व्यवस्थेत नव्हता.

तोवर १२९८ सुरू झाली होती. झिकित्झा या कंपनीने २००५ मध्ये मुंबईत ही सेवा उभी केली. तिचे दर लावण्याची पद्धत हुशारीची होती. रुग्ण गरीब आहे की नाही हे विचारायचे नाही. तो कुठे चालला आहे ते पाहायचे. खासगी रुग्णालयात जाणाऱ्याकडून पूर्ण दर, सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जाणाऱ्याकडून कमी, आणि रस्त्यावरच्या बेवारस जखमीकडून काहीच नाही. दाखल्यांची भानगड नाही, फसवणुकीला जागा थोडी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच गाड्या जखमी वाहत होत्या. पण खासगी पैशावर चालणारी सेवा शहराच्या आकाराची होऊ शकत नाही. ज्याला गाडीची सर्वांत जास्त गरज त्याच्याकडून काहीच मिळत नाही, आणि गाडी उभी असतानाही पगार चालू असतो. उभ्या गाडीचे पैसे कोणी द्यायचे, हा कुठल्याही आपत्कालीन सेवेचा मूळ आर्थिक प्रश्न आहे. त्याचे उत्तर सरकारच देऊ शकते.

ते उत्तर आधी हैदराबादेत दिले गेले. १५ ऑगस्ट २००५ रोजी तिथे १०८ सुरू झाली. महाराष्ट्रात ती २६ जानेवारी २०१४ रोजी आली: ९३७ गाड्या, त्यांपैकी २३३ प्रगत आणि ७०४ प्राथमिक, नियंत्रण कक्ष पुण्यात औंधला, चालवणारी संस्था बीव्हीजी. राष्ट्रीय निकष असा की पाच लाख लोकांमागे एक प्रगत गाडी आणि एक लाखामागे एक प्राथमिक. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी. म्हणजे प्रगत गाड्या २२५ हव्या होत्या, त्या भरल्या. प्राथमिक ११२४ हव्या होत्या, तिथे चारशेहून अधिक कमी पडल्या. नंतरच्या करारात १,७५६ वाहनांचे नियोजन आले: २५५ प्रगत, १,२७४ प्राथमिक, ३६ नवजातांसाठी, १६६ दुचाकी आणि २५ बोटी. पण हा निकष डोकी मोजतो. रस्ते, जिने, पूल मोजत नाही. गडचिरोलीत आणि गोवंडीत एक लाख लोक म्हणजे दोन पूर्णपणे वेगळी कामे.

मुंबईच्या वाट्याला नव्वदच्या आसपास गाड्या आल्या. आता जरा आकडेमोड करू. पालिकेचे क्षेत्र सुमारे ४४० चौरस किलोमीटर. नव्वदच्या नव्वद मोकळ्या असतील तर एका गाडीमागे ४.९ चौरस किलोमीटर. काटकोनी रस्ते धरले तर घटनेपासून जवळच्या गाडीचे सरासरी अंतर या क्षेत्राच्या वर्गमुळाच्या ०.६३ पट येते, म्हणजे १.४ किलोमीटर. निम्म्या गाड्या कामात असतील तर २ किलोमीटर. गर्दीत ताशी १२ किलोमीटर वेग धरा. सात मिनिटे आणि दहा मिनिटे. वर्गमुळाचा हा नियम १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलासाठी तपासून पाहिला गेला आणि तो सगळीकडे लागू पडतो. त्याचा अर्थ कडू आहे: अंतर निम्मे करायचे असेल तर मोकळ्या गाड्या चौपट लागतात. पाच मिनिटे वाचवायला चौपट ताफा.

त्यापेक्षा गाडी एका केसमध्ये किती वेळ अडकते ते पाहा. उदाहरणापुरते असे धरू: फोन ते निघणे ४ मिनिटे, प्रवास १०, जागेवर २०, रुग्णालयापर्यंत २०, कॅज्युअल्टीत २५, साफसफाई आणि परत ११. एकूण ९० मिनिटे. गाडीला दिवसाला आठ केस आल्या तर १२ तास ती कामात, म्हणजे नव्वदपैकी ४५ मोकळ्या. कॅज्युअल्टीत फक्त दहा मिनिटे वाचवली तर केस ८० मिनिटांची होते आणि मोकळ्या गाड्या ५० होतात. हाच परिणाम खरेदीने साधायचा तर पाच नव्या गाड्या लागतील, आणि प्रत्येकीला दोन पाळ्यांसाठी दोन डॉक्टर, दोन पायलट आणि सुट्ट्यांची बदली माणसे. १०८ मध्ये चालकाला पायलट म्हणतात. दहा मिनिटांना मात्र एक ट्रॉली आणि एक वॉर्डबॉय पुरतो.

कॅज्युअल्टीत नेमके काय होते? रुग्ण गाडीच्या स्ट्रेचरवर असतो. आत ट्रॉली मोकळी नसते. स्ट्रेचर सोडला तर गाडी पुढची केस घेऊ शकत नाही, कारण आडवे नेण्याचे तेच साधन. मग डॉक्टर आणि पायलट ‘मामां’ची, म्हणजे वॉर्डबॉयची, वाट पाहत उभे राहतात. तोवर वैद्यकीय-कायदेशीर नोंद, सही, केसपेपर. एखादे वेळी खाट नाही म्हणून दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवणी होते आणि तीच केस तिसऱ्या तासात जाते. उपाय कंटाळवाणे आहेत: दारात राखीव दोन ट्रॉल्या, हस्तांतर पंधरा मिनिटांत व्हावे असा रुग्णालयावर नियम, आणि गाडी निघतानाच कॅज्युअल्टीला फोन. फीत कापण्यासारखे यात काही नसल्यामुळे ते मागे राहतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी मोठी गळती रुग्णालयांमधल्या पाठवणीची. उपनगरी रुग्णालयात व्हेंटिलेटर नाही, मेंदूचा शल्यविशारद रात्री नाही, म्हणून केईएम, सायन किंवा नायरला. अशी एक पाठवणी गाडीचे दोन-अडीच तास खाते, कारण स्वीकारणाऱ्या रुग्णालयाने होकार देईपर्यंत गाडी पहिल्या रुग्णालयाच्या आवारात उभी असते. रस्त्यावरच्या हाकेसाठीच्या गाड्या आणि पाठवणीच्या गाड्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर कागदावर नव्वद दिसतात, प्रत्यक्षात साठ असतात.

कोविडने हे सगळे मोठ्या अक्षरांत लिहून दाखवले. एप्रिल-मे २०२० मध्ये गाडीसाठी तासन् तास थांबावे लागत होते. बेस्टच्या छोट्या बसगाड्यांच्या रुग्णवाहिका केल्या, तरी ओढ कमी होईना. कारण प्रत्येक केसनंतर निर्जंतुकीकरण, पीपीई बदलणे, आणि मुख्य म्हणजे खाट कुठे आहे हेच ठाऊक नसणे. रुग्ण गाडीत आणि गाडी दारोदार. जूनमध्ये चोवीस वॉर्डांच्या वॉररूमकडे खाटवाटप गेले. आधी खाट नक्की, मग गाडी रवाना, असा क्रम लागला आणि ओढाताण कमी झाली. गाड्या त्याच, चक्र लहान.

मुंबईची आणखी एक अडचण निकषांत बसत नाही: शहराला दोन रेल्वेमार्ग उभे चिरतात आणि पूर्व-पश्चिम ओलांडायला मोजके पूल. केईएम मध्य रेल्वेच्या पूर्वेला आहे. वरळी, लोअर परळहून येणाऱ्या गाडीला पूल लागतोच. सायनचा १९१२ चा पूल २०२४ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला तेव्हा धारावीकडून सायन रुग्णालयाकडे येणाऱ्यांना वळसा पडला; २०२५ मध्ये प्रभादेवीचा पूल बंद झाल्यावर केईएम आणि टाटाच्या बाबतीत तेच. असा पूल बंद करताना नकाशावर गाड्यांची ठाणी दोन्ही बाजूंना नव्याने वाटावी लागतात. वाहतूक वळवण्याचे फलक लावणे आणि गाड्या हलवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसरे सहसा राहते.

रेल्वेचा विषय स्वतंत्र लिहिण्यासारखा आहे. २०१० च्या दशकात उपनगरी मार्गांवर दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. रुळावर पडलेल्या जखमीपर्यंत रस्त्यावरची गाडी जाऊच शकत नाही. क्रम असा असतो: मोटरमन किंवा प्रवासी कळवतो, स्टेशन मास्तर मेमो, म्हणजे लेखी सूचना, काढतो, हमाल आणि लोहमार्ग पोलीस स्ट्रेचर घेऊन रुळांतून चालत जातात, जखमी फलाटावर आणला जातो, मग जिन्याने बाहेर. उच्च न्यायालयाने कान उपटल्यानंतर स्थानकांबाहेर १०८ च्या गाड्या आणि काही ठिकाणी आपत्कालीन कक्ष आले. तरी दोन स्थानकांच्या मधला माणूस हा कमकुवत दुवा आहेच. पाय तुटलेला जखमी वीस मिनिटांत रक्तस्रावाने जाऊ शकतो आणि मेमोला दहा लागतात. तिथे गाडीपेक्षा हमालाच्या खिशातला टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, जास्त उपयोगी: जखमेच्या चार-पाच बोटे वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पीळ, आणि वेळ लिहून ठेवायची. तो ढिला बांधला तर उलट रक्तस्राव वाढतो, कारण शिरेचा प्रवाह अडतो आणि धमनीचा चालू राहतो.

इमारतींचे पाहू. प्रतिसादाचे घड्याळ गाडी गेटवर पोहोचली की थांबते. रुग्णाचे घड्याळ त्याच्या अंगाला हात लागेपर्यंत चालू असते. मधली पाच ते दहा मिनिटे कुठल्याच अहवालात नाहीत. गाडीतला चाकांचा स्ट्रेचर एकशे नव्वद सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि चाळीस किलोंच्या घरात. तो जुन्या इमारतीच्या सहा माणसांच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि चाळीच्या लाकडी जिन्याला वळत नाही. म्हणून तो खालीच ठेवायचा. वरती न्यायचे ते मधून उघडून रुग्णाखाली सरकवायचा स्कूप स्ट्रेचर, घडीची खुर्ची किंवा नुसती कापडी झोळी. १०८ वर डॉक्टर आणि पायलट अशी दोनच माणसे असतात, आणि सत्तर किलोंचा माणूस चार मजले उतरवायला किमान चार लागतात. शेजारी मदतीला येतात, हे मुंबईचे सुदैव. पण डोक्याकडची बाजू कोणी धरायची, पाय आधी की डोके आधी, हे त्यांना सांगावे लागते: उतरताना पाय पुढे, डोके वर. छातीत दुखणाऱ्याला ‘हळूहळू चालत उतरा’ म्हणू नका. सर्वांत धोक्याची चूक हीच.

दुचाकी रुग्णवाहिका याच मधल्या मिनिटांसाठी आली. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत दहा सुरू झाल्या. चालवणारा स्वतःच डॉक्टर, पाठीशी ऑक्सिजन आणि औषधांची पेटी. गल्लीत ती नक्की आधी पोहोचते. रुग्ण नेऊ शकत नाही, म्हणून मागून मोठी गाडी निघालीच पाहिजे. दोन्ही एकाच वेळी रवाना केल्या नाहीत तर दुचाकीने वाचवलेली मिनिटे मोठ्या गाडीची वाट पाहण्यात जातात. पावसाळ्यात तिचा उपयोग घटतो.

डॉक्टर की प्रशिक्षित तंत्रज्ञ, हा वाद नेहमी निघतो. अमेरिकेत पिट्सबर्गला १९६७ मध्ये पीटर सफर यांनी हिल डिस्ट्रिक्टमधल्या बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना साधारण तीनशे तासांचे शिक्षण देऊन ‘फ्रीडम हाउस’ची गाडी चालवली, त्याआधी तिथे पोलिसांची व्हॅन किंवा अंत्यसंस्कारवाल्यांची गाडी येत असे. त्या पथकाने दाखवून दिले की पदवीपेक्षा नेमका सराव महत्त्वाचा. महाराष्ट्राने डॉक्टर ठेवला, आणि बहुतेक आयुष-पदवीधर, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथीसारख्या शाखांचे. कारण व्यवहारी होते: डॉक्टर उपलब्ध होते आणि तंत्रज्ञाने औषध देण्याला कायदेशीर चौकट नव्हती, आपत्कालीन तंत्रज्ञांचा समावेश असलेला संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा २०२१ मध्ये आला. माझे मत असे की पाटीवरची पदवी गौण आहे. वर्षातून किती वेळा श्वासनलिकेत नळी घातली, किती वेळा शॉक दिला, हे विचारा. हात सहा महिन्यांत विसरतो.

आता गाडीच्या आतले. पाळी बदलताना तपासायच्या गोष्टींत सर्वांत जास्त घोटाळा ऑक्सिजनचा. बी प्रकारच्या सिलिंडरची पाण्याची धारणा साधारण १० लिटर. भरलेला दाब १५० किलो. म्हणजे १,५०० लिटर. काटा ५० वर असेल तर ५०० लिटर, आणि मिनिटाला १५ लिटरने फक्त तेहतीस मिनिटे. बोरिवलीहून परळला निघाला असाल तर हे पुरणार नाही. पन्नासच्या खाली गेलेला सिलिंडर पाळीच्या सुरुवातीलाच बदलावा. ‘अजून आहे’ म्हणून ठेवलेला सिलिंडर पुलावर संपतो. डी प्रकारचा मोठा सिलिंडर ७,००० लिटरचा, पण त्याचा पट्टा ढिला असेल तर ब्रेक मारल्यावर तो गाडीत सुटतो. आणि चावी. सिलिंडर भरलेला, रेग्युलेटर ठीक, पण फिरवायची चावी मागच्या पाळीच्या खिशात घरी गेलेली, हे सगळ्या शहरांत घडते. चावी साखळीने सिलिंडरला बांधा.

बाकी बिघाडही असेच क्षुल्लक. श्वासनलिकेत नळी घालताना घसा पाहायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागत नाही, कारण सेल आतच ठेवून गंजलेला. घशातला स्राव ओढणारे सक्शन यंत्र चालते पण नळी नाही. हृदयाला शॉक देणारा डिफिब्रिलेटर चार्जिंगला लावलेला असतो आणि गाडीचा प्लग बंद असतो. ग्लुकोमीटर आहे, पट्ट्या मुदतबाह्य. बॅग-मास्क प्रौढांचा आहे, बालकाचा नाही. रोज पाच मिनिटे प्रत्येक वस्तू चालवून पाहायची. यादीवर नुसती खूण करायची नाही.

फोन करणाऱ्याने काय सांगावे? आधी ठिकाण, मग काय झाले. लाइन तुटली तरी ठिकाण पोहोचलेले असते. इमारतीचे नाव मुंबईत अपुरे असते, त्यामुळे जवळचा सिग्नल किंवा स्थानक, पूर्व की पश्चिम, विंग, मजला, लिफ्ट आहे का. माणूस शुद्धीत आहे का, श्वास नेहमीसारखा चालू आहे का. समोरचा ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. ११२ लावलात तरी वैद्यकीय हाक १०८ कडेच दिली जाते, मधला एक हात वाढतो; म्हणून आजारासाठी थेट १०८. एक माणूस गेटवर, एक लिफ्ट धरून, आणि वॉचमनला दुचाकी हटवायला सांगा.

शुद्ध नाही आणि श्वास नाही, किंवा नुसते आचके, तर गाडीची वाट पाहू नका. हृदय थांबल्यावर छाती दाबणे किंवा शॉक काहीच मिळाले नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि वर आपण पाहिले की नुसता प्रवासच सात ते दहा मिनिटांचा आहे. माणसाला पलंगावरून खाली जमिनीवर घ्या, गादीत दाब मुरतो. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, कोपर सरळ, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर दोन मिनिटांनी माणूस बदला; थकलेला माणूस स्वतःच्या नकळत उथळ दाबू लागतो. नियंत्रण कक्षातून हे फोनवर बोलत करवून घेता येते आणि गाडी न वाढवता जीव वाचवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. त्या खुर्चीवरच्या माणसाच्या प्रशिक्षणावर पैसे खर्च व्हायला हवेत.

खासगी गाडी बोलावत असाल तर दराआधी हे विचारा: सोबत कोण येणार, मॉनिटर आणि डिफिब्रिलेटर दोन्ही आहेत का, ऑक्सिजनचा काटा किती दाखवतो, स्ट्रेचर तुमच्या जिन्यातून उतरतो का, थांबण्याचे पैसे वेगळे का. काट्याचे उत्तर लगेच आकड्यात मिळाले तर गाडी सकाळी तपासलेली आहे असे समजायला हरकत नाही. ‘फुल आहे’ एवढेच म्हटले तर निघण्यापूर्वी काट्याचा फोटो पाठवायला सांगा.